बायकोच्या खुब्याचा सांधा बदलायचाय. घराची तयारी कशी करू?

दापोडीचे_नाना | २ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या सौ.चं वय ६१. उजव्या खुब्याचा सांधा बदलायचं ठरलंय, १८ तारखेला. तारीख डॉक्टरांनी नाही, तिने ठरवली. "वटपौर्णिमा होऊ दे, मग काय कापायचं ते कापा," म्हणाली.

वर्षभर आम्ही गुडघ्याला तेल चोळत होतो. दुखायचं जांघेत आणि गुडघ्याच्या जरा वर, त्यामुळे जो तो म्हणे गुडघाच. गुडघ्याचा एक्स-रे तर चांगला आला. शेवटी एका डॉक्टरांनी तिला झोपवून पाय आत-बाहेर फिरवून बघितला, ती किंचाळली, तेव्हा कुठे खुब्याचा फोटो काढला. गोळा आणि वाटी यांच्यामधली फट दिसतच नाही. हाडावर हाड. मी ३४ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, बेअरिंग गेलेलं आवाजावरून ओळखायचो. घरातलं ओळखता आलं नाही.

अडचणी अशा: दुसरा मजला, लिफ्ट नाही. संडास भारतीय पद्धतीचा. दिवाण बुटका. मुलगा बंगळुरूला, आठ दिवस येईल, सुनेला रजा नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, वय ६६, पण स्वयंपाकात चहा आणि ऑम्लेट यांच्यापुढे गाडी जात नाही. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

मनुताई | २ जून, रात्री १०:०५

नाना, मी स्वतः नव्या डाव्या खुब्याची मालकीण. चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून आले. तेव्हा आधी धीर धरा.

उद्या टेप घेऊन घरभर एक चक्कर मारा. सूत्र एवढंच, की बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. वहिनींना उभं करून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजा. त्या जिथे जिथे बसणार ती जागा, गादी दबल्यानंतरसुद्धा, त्याहून दोन-तीन इंच उंच हवी. सोफा तीन महिने विसरा, त्यात माणूस रुततो. हातवाल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घाला. उंची वाढते आणि एकटीपेक्षा दणकटही होते. दिवाणाखाली ठोकळे किंवा वर जास्तीची गादी.

संडासासाठी लोखंडी कमोड खुर्ची मिळते, मधलं भांडं काढून भारतीय भांड्यावर ठेवता येते. ती आत्ताच आणा. वहिनींना आठ दिवस आधीपासून वापरू दे. ऑपरेशननंतर वेदनाशामक गोळ्यांनी पोट घट्ट होतं, त्यात खुर्चीही परकी, अशी दुहेरी शिक्षा नको. इसबगोल घरात असू द्या, डॉक्टरांना विचारून.

पायपुसणी आणि सतरंज्या गुंडाळून माळ्यावर. पावसाळा तोंडावर आहे, ओल्या छत्र्या-चपला दाराबाहेर. वॉकरची रबरी बुटं ओल्या फरशीवर सटकतात, हे मी अनुभवाने सांगतेय.

खवचट_खंडू | २ जून, रात्री १०:२२

चहा आणि ऑम्लेटवर तीन महिने? काकू डावा खुबाही बदलून घेतील, दवाखान्यात जेवण तरी मिळतं. हलके घ्या नाना. पण डबा लावा.

दादरचा_विमेकरी | ३ जून, सकाळी ८:४०

पैशाचं आत्ताच बघून घ्या. बहुतेक पॉलिशांत सांधेबदलाला सुरुवातीची दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, अपघात असेल तर गोष्ट वेगळी. तुमची जुनी असेल तर प्रश्न नाही. खोलीभाड्याची मर्यादा मात्र नक्की बघा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की फक्त भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही, त्याच प्रमाणात सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्च यांनाही कात्री लागू शकते. हौसेने 'सिंगल एसी' घेतलेले लोक डिस्चार्जच्या दिवशी माझ्यावर ओरडतात.

दुसरं म्हणजे इम्प्लांटचं, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याचं, कोटेशन लेखी घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, त्या आदेशात खुबा नव्हता. त्यामुळे कोणता प्रकार, कोणती कंपनी, केवढ्याला, हे आधीच कागदावर हवं. ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर देतात, त्यावर नंबर असतो. ते मॅरेज सर्टिफिकेटपेक्षा जपून ठेवा.

रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेत असलेल्या रुग्णालयात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो, त्यालाही एकदा विचारा.

दापोडीचे_नाना | ३ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. टेप लावला. दिवाण १४ इंच, सौ.च्या गुडघ्याची खळगी १६. म्हणजे आमचं घर आजवर तिच्या मापाचं नव्हतंच. सागवानी ठोकळे करायला घेतलेत, वरून खोबण, खाली रबर.

एक तांत्रिक शंका. डॉक्टर म्हणाले गोळा सिरॅमिकचा आणि वाटीत प्लॅस्टिकचं अस्तर. प्लॅस्टिक? माणसाच्या वजनाखाली? ते झिजणार नाही?

मँचेस्टरची_मावशी | ४ जून, पहाटे २:१५

नाना, हा प्रश्न तुम्हालाच पडायचा. माझ्या घरापासून तासाभरापेक्षा कमी अंतरावर रायटिंग्टनचं रुग्णालय आहे. जॉन चार्नली नावाच्या सर्जनने तिथेच आजचा सांधा घडवला. आधी त्याने वाटीला टेफ्लॉन वापरलं, तेच आपल्या तव्यावरचं. गुळगुळीत म्हणून निवडलं, पण दोन-तीन वर्षांत झिजून भुगा झालं आणि बिचाऱ्याला आपल्याच रुग्णांचे सांधे पुन्हा काढावे लागले. मग इथल्या कापडगिरण्यांच्या मागांसाठी गिअर विकणाऱ्या एका माणसाकडून एक प्लॅस्टिक चार्नलीच्या मंडळींच्या हाती लागलं. यंत्रावर घासून बघितलं तर जेमतेम झिजलेलं. ते पॉलिएथिलीन. १९६२ पासून तेच चाललंय, आता ते आणखी कडक करतात. धातूवर धातू घासणारे सांधेही येऊन गेले, त्यातला एक तर २०१० साली जगभरातून परत मागवला. प्लॅस्टिक टिकलं.

२०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता. त्यात २५ वर्षांनंतरही साधारण ५८ टक्के खुबे टिकून होते. काकूंच्या ८६ व्या वर्षापर्यंतची सोय झाली समजा.

आमच्या 'ह्यां'चं दोन वर्षांपूर्वी इथे झालं. वाट बघण्यात वर्ष गेलं, पण ऑपरेशनआधी घरी फॉर्म आला: पलंग किती उंच, खुर्ची किती उंच, संडास किती उंच. मनुताईंनी सांगितलं तेच. मग उंच खुर्ची आणि उंच सीट त्यांनीच आणून दिली. दुसऱ्या दिवशी घरी. आणि घरी कोण? मी एकटी. वरणभात करून देणारी शेजारीण नाही, की 'काय म्हणतोय पाय' विचारायला येणारं कोणी नाही. ते शेवटचं नसणं सुखाचं होतं, असं आता वाटतं.

निसर्गाकडे_चला | ४ जून, सकाळी ११:००

ऑपरेशन हा धंदा झालाय. माझ्या मेहुण्यांना लेप आणि मालिश यांनी सहा महिन्यांत फरक पडला. घाई करू नका.

मनुताई | ४ जून, सकाळी ११:२५

मेहुण्यांचा एक्स-रे बघितला होतात का? माझं दोन वर्षं लेपात गेलं. तेवढ्या काळात मांडी वाळून दोरी झाली. नंतर सांधा नवा, पण त्याला चालवणारे स्नायूच नाहीत. खरा त्रास त्यांनी दिला.

पाऊल_पुढे | ६ जून, दुपारी ३:५०

मी फिजिओथेरपिस्ट, सांगली. वादात पडत नाही, फक्त एक सांगते. ऑपरेशननंतर त्या पायाच्या पोटरीची मालिश करू नका. शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. नाना, मालिशवाल्या बाई येत असतील तर त्यांना सुट्टी द्या.

बाकी माझ्या रुग्णांच्या नवरे-बायकांना मी जे सांगते ते लिहिते.

डॉक्टरांना विचारा, छेद मागून घेणार की पुढून. नियम त्यावर बदलतात. आपल्याकडे बऱ्याचदा मागून घेतात. मग खुब्यात ९० अंशांहून जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पायाचा अंगठा आत वळवायचा नाही. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. किती आठवडे, ते सर्जन सांगतील. साधारण सहा ते बारा. आपल्या बायकांचा नवा सांधा निखळतो तो चालताना नाही. पडलेली कोथिंबिरीची काडी उचलताना, पायाला जोडवी चढवताना, आणि खुर्चीत बसून मागे वळून 'गॅस बंद केला का' बघताना. पाय जमिनीवर रोवलेला आणि धड वळलेलं, म्हणजेच अंगठा आत.

जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. तुम्ही उतरताना त्यांच्या एक पायरी खाली आणि चढताना एक पायरी मागे. हात धरून ओढायचं नाही. काखेत हात घालून उचलायचं तर मुळीच नाही.

कपडे: परकर डोक्यावरून. आतले कपडे घालताना ऑपरेशनचा पाय आधी, काढताना शेवटी.

गाडी: रिक्षा नको. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ रेलवा, बसायच्या जागी उशी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. आधी पाठमोरं होऊन बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. पिशवीमुळे अंग सरकतं.

आणि पोटरी दुखून टरारली, श्वास लागला, छातीत कळ आली, जखमेतून पाणी यायला लागलं, ताप आला, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसला, तर धागा वाचत बसू नका. थेट दवाखाना. पावलं संध्याकाळी सुजणं मात्र बरेच आठवडे चालतं, त्याला घाबरू नका.

नंदुरबारची_सून | ८ जून, रात्री ११:४०

सगळे साठीच्या पुढचे दिसताय म्हणून लिहू की नको असं झालं होतं. माझा नवरा ३४ वर्षांचा. सिकलसेल आहे. आमच्या भागात घराघरांत आहे तो. लाल पेशी वाकड्या होऊन बारीक शिरांत अडकतात, खुब्याच्या गोळ्याचं रक्त बंद पडतं, गोळा मरतो आणि खचतो. गेल्या वर्षी योजनेतून एका बाजूचं झालं. ऑपरेशनआधी रक्त चढवलं, सलाईन लावून ठेवलं, थंडी लागू देऊ नका म्हणून मी त्याच्या अंगावरची चादर रात्रभर धरून बसले.

व्यायाम, खुर्ची, सगळं जमलं. वॉकर घेऊन अंगणात यायला तयार नव्हता. "म्हाताऱ्यासारखं कोण चालेल?" मग मी त्याला दिवेलागणीनंतर बाहेर काढायचे, अंधारात. दहा दिवस आम्ही चोरासारखे चाललो. अकराव्या दिवशी धाकटी पोरगी वॉकरच्या आत जाऊन उभी राहिली, ती पण ढकलायला लागली, आणि हा दिवसाढवळ्या तिच्या मागे अंगणात आला.

दुसऱ्या बाजूचंही कधीतरी करावं लागेल. एवढ्या तरुण वयात केलेला सांधा आयुष्यभर पुरत नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. नाना, काकूंचं छान होईल.

दापोडीचे_नाना | ९ जून, सकाळी ६:५०

ताई, तुमचं लिहिलेलं सौ.ला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

दापोडीचे_नाना | १९ जून, रात्री १०:३०

काल झालं. दीड तास आत होती. कमरेत भूल दिली होती, त्यामुळे हातोडीचे ठोके ऐकू येत होते म्हणाली. "तुमचं वर्कशॉप बरं," ही ऑपरेशननंतरची पहिली ओळ.

आज सकाळी फिजिओने वॉकर धरून उभं केलं. सहा पावलं. चक्कर आली, पुन्हा झोपवलं. दुपारी वीस. मी बाजूला उभा राहून दोन्ही हात पुढे करून होतो, जशी काही वीट पडणार आणि झेलायची. फिजिओ पोरगी म्हणाली, "काका, हात खिशात." कठीण आहे हो हे.

रात्री एकच माणूस थांबू शकतो. बाकड्यावर झोपतोय. शेजारच्या रुग्णाच्या यजमानांनी त्यांची फुगवायची उशी दिली. दवाखान्यात बायका बायकांशी बोलतात हे माहीत होतं, पुरुषही बोलतात हे आत्ता कळलं.

दापोडीचे_नाना | २३ जून, रात्री ११:१५

काल घरी आणलं. डिस्चार्ज सकाळी ९ ला सांगितला, विम्याची मंजुरी दुपारी ४ ला आली. सात तास ती त्या उंच खाटेवर तयार होऊन बसलेली. दोन मजले चढायला २५ मिनिटं लागली, मधल्या चौकात खुर्ची आधीच ठेवली होती. शेजारच्या जोशीकाकूंनी भाकरतुकडा ओवाळला.

रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन पोटाच्या चरबीत रोज द्यायचं असतं, ते मी शिकलो. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. आज तिने डोळे मिटून घेतले. सुधारणा म्हणायची.

रात्री तिला हाक मारायला आवाज पुरत नाही आणि मी घोरतो. म्हणून देवघरातली घंटा तिच्या उशाशी ठेवलीय. काल रात्री २, ३:३० आणि ५. खालच्या मजल्यावरच्यांनी सकाळी विचारलं, "काय हो, काकडआरती सुरू केली का?"

खवचट_खंडू | २४ जून, सकाळी ७:३०

नाना, तुमचं लिखाण ऑम्लेटपेक्षा बरं आहे.

मनुताई | २४ जून, सकाळी ९:००

भेटायला येणाऱ्यांची वेळ बांधून द्या. संध्याकाळी ५ ते ६. नाहीतर येणारा बरोबर त्या उंच खुर्चीत बसतो, दिवाणावर पिशवी ठेवतो, आणि वहिनींना आख्खी कथा पहिल्यापासून सांगावी लागते. वर त्याच्या मावसभावाच्या बिघडलेल्या ऑपरेशनची कथा ऐकावी लागते. माझ्याकडे एक बाई टाके बघायला पदर बाजूला सारायला लागल्या होत्या.

दापोडीचे_नाना | ३ जुलै, रात्री ९:००

काल क्लिपा काढल्या. जखम कोरडी. मुलगा गेला परवाच. वॉकरवर घरातल्या घरात चालते, व्यायाम घड्याळ लावून करते. सकाळचा डबा लावलाय, संध्याकाळचं मी करतो. मुगाची खिचडी जमली. पोळीचा विषय काढू नका.

दापोडीचे_नाना | ९ जुलै, रात्री १०:२०

आज घरात मोठं भांडण झालं, म्हणून धागा वर आणतोय. मी दूध आणायला खाली गेलो, वर आलो तर ही ओट्याच्या खालच्या खणात डोकं घालून. वाकलेली! तीन आठवडे होतायत, ९० अंशांचं एवढं घोकलं, आणि मोहरीच्या डब्यासाठी वाकली. सुदैवाने काही झालं नाही, डॉक्टरांना फोन केला, चालून बघा म्हणाले, व्यवस्थित चालते. पण मी खूप बोललो. तीही बोलली. आता तिकडे तोंड करून झोपलीय. नाही, तिकडे तोंड करता येत नाही, उताणी झोपलीय, छताकडे बघत. माझ्याकडे बघत नाही एवढंच.

कसं समजवावं? इतकं करतोय मी.

दापोडीचे_नाना | १० जुलै, सकाळी ११:१०

मी सौ. नाना. यांच्याच फोनवरून लिहितेय, हे बँकेत गेलेत. धागा आज पहिल्यांदा सगळा वाचला.

वाकले हे खरं. का वाकले ते यांनी लिहिलं नाही. काल सकाळपासून यांनी मला विचारलेले प्रश्न: मोहरी कुठे, हिंग कुठे, खिचडीला पाणी किती, दूधवाल्याचे किती दिवसांचे द्यायचे, कामाच्या बाईंना उद्या किती वाजता बोलवू, चादरी कधी बदलायच्या, जोशीकाकूंचा डबा परत करताना रिकामा द्यायचा का, आणि आषाढीला साबुदाणा किती भिजवतात. आषाढी होऊन तीन दिवस झाले होते, तो प्रश्न पुढच्या वर्षासाठी असावा. यंदाचा साबुदाणा आम्ही सुरीने कापून खाल्ला.

पाय माझा दिवाणावर, पण डोकं ओट्यापाशी उभंच आहे. यांनी मला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू दिला नाही, आणि घरातलं एकही काम माझ्या डोक्यावरून उतरवलं नाही. मोहरी कुठे हे सातव्यांदा सांगण्यापेक्षा उठून काढणं सोपं वाटलं. चूक झाली. पुन्हा वाकणार नाही.

नंदुरबारच्या पोरी, तुला आणि तुझ्या धाकटीला आशीर्वाद.

मनुताई | १० जुलै, सकाळी ११:३२

वहिनी, बरं झालं लिहिलंत. नाना, तुम्ही हात खिशात घालायला शिकलात, आता तोंडही खिशात घाला. आज सगळे डबे खालच्या खणातून वर आणा, कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. आणि कुठे ठेवलंत ते तुम्हीच लक्षात ठेवा, त्यांना विचारायला जाऊ नका.

मँचेस्टरची_मावशी | ११ जुलै, पहाटे ३:००

मी हे वाचून 'ह्यां'ना उठवलं आणि वाचून दाखवलं. त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मीच सगळं करत होते, त्यांना विचारायला नव्हतंच काही. आता विचार करतेय, माझं झालं तर?

दापोडीचे_नाना | १२ जुलै, रात्री १०:००

वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला बिन कार्ड असायचं. वस्तूचं नाव, खण नंबर, शिल्लक किती, आणि किती उरली की मागवायची. दोन दिवस बसून आख्ख्या स्वयंपाकघराची ६४ बिन कार्डं केली. मोहरी: खण २, डबा ४, पाव किलो, मूठभर उरली की आणणे. हळद, हिंग, साबुदाणा, रवा, कपडे धुण्याची पावडर, सगळं. दूधवाला, पेपरवाला, बाई, सिलिंडर यांची वेगळी पानं, दारामागे. यातलं काही ती डोक्यात ठेवून होती हे मला माहीतच नव्हतं. चाळीस वर्षं स्टोअर एकाच माणसाच्या डोक्यात, नोंद कुठेही नाही. आमच्या साहेबांनी मेमो दिला असता.

कार्डं भरताना तिला विचारावं लागलंच, पण एकदाच. रोज संध्याकाळी अर्धा तास, चहासोबत. ती सांगायची, मी लिहायचो. हिंगाच्या कार्डावर आमची समेट झाली.

नाव_नको | २० जुलै, रात्री ११:५५

विचारू की नको असं करत आज विचारतोय. माझ्या पत्नीचं पुढच्या महिन्यात आहे, आम्ही चाळिशीतले. नवरा-बायको म्हणून... तुम्हाला कळलं असेल. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते.

पाऊल_पुढे | २१ जुलै, सकाळी १०:१५

लाजण्यासारखं काही नाही. जखम भरल्यावर, बहुतेक जणांना सहा आठवड्यांच्या आसपास परवानगी मिळते. वाकण्याचे आणि पाय आत वळवण्याचे तेच नियम तिथेही लागू. सुरुवातीला पत्नीने उताणं असणं बरं. कागदावर लिहून डॉक्टरांना द्या, त्यांना हा प्रश्न नवा नाही. आणि पत्नीला आधी विचारा, तिला वेदनेची धास्ती अजून असू शकते.

दापोडीचे_नाना | ३१ जुलै, संध्याकाळी ७:४०

सहा आठवडे झाले. एक्स-रे उत्तम. वॉकर गेला, काठी आली. मी काठी ऑपरेशनच्या पायाच्या बाजूला धरायला सांगत होतो, फिजिओने दुरुस्त केलं: विरुद्ध हातात. भार वाटला जातो. तरफेचा हिशोब आहे, मला आधीच कळायला हवा होता.

मध्ये एक वाईट रात्र गेली. पोटरी दुखतेय म्हणाली, मला पाऊल_पुढे ताईंची यादी आठवली. पावसात टॅक्सी करून गेलो, डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली, गुठळी नव्हती. पहाटे दोनला घरी आलो आणि दोघांनी चहा-ऑम्लेट खाल्लं. तिने दुसरं मागितलं.

आणि एक. ती बरी होत चालली तसा मी आजारी पडायला लागलो. पाठ धरली, झोप नाही, उगाच चिडायचो. मुलाने फोनवर ओळखलं, चार दिवस येऊन राहिला आणि मला म्हणाला, तुम्ही फक्त झोपा. मी दोन दिवस झोपलो. वर्कशॉपमध्ये ब्रेकडाऊन व्हॅनलाही सर्व्हिसिंग असायचं.

मनुताई | १ ऑगस्ट, सकाळी ८:२०

गणपतीचं काय ठरलं? दहा आठवडे होतील तोवर. वहिनींना पाटावर बसवू नका, पूजेला टेबलावर बसवा बाप्पांना. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, देव वर बसला तर काही बिघडत नाही, आपण खाली वाकलो तर बिघडेल.

दापोडीचे_नाना | २८ ऑगस्ट, रात्री ९:५०

काल बसले बाप्पा, टेबलावर. नमस्कार उभ्यानेच, काठी भिंतीला टेकवून. मोदक तिने उंच स्टुलावर बसून केले, २१ पैकी ८ माझे. माझे कोणते हे सांगायची गरज पडली नाही. उकड मात्र मी काढली, कार्ड क्र. ३१ बघून. घंटा देवघरात परत गेली.

वाईचा_विनायक | २ सप्टेंबर, दुपारी १२:३०

नमस्कार. सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या पत्नीचं ऑक्टोबरमध्ये आहे. आमच्याकडेही भारतीय संडास. ती कमोड खुर्ची भाड्याने मिळते का, की विकतच घ्यावी?

दापोडीचे_नाना | २ सप्टेंबर, रात्री ८:४५

विकत घेऊ नका. आमची पंधरा दिवसांत मोकळी होईल, डॉक्टरांनी एकदा हो म्हटलं की. संदेश पाठवा, आमचा पुतण्या साताऱ्याला जात असतो, वाईला सोडेल. पैसे नकोत. रबरी बुटं नवी बसवलीत. मागच्या डाव्या पायाला एक वॉशर जास्त आहे, आमच्या मोरीची फरशी तिथे खोल आहे. तुमच्याकडे ठेवून बघा, डुगडुगली तर तो काढून टाका. स्पॅनर सोबत पाठवतो, १३ नंबरचा. तेवढा परत द्या.